घ्या ना, माउली!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मी लेकीकडे जपानला राहून आले, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एकीनं विचारलंच, ‘‘काय काय आणलंत हो तिकडून?’’ मी म्हटलं, ‘‘एक काठी आणली, आणि एक सवय लावून घेतेय.’’ काठी सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. सवयीचं मात्र उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते आज तुमच्यापाशी सांगते.

आमचं घर फलटणचं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला येते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी वारकऱ्यांना जेवू घालतेय. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या हाताखाली आणि पुढे माझी मी. भाकऱ्यांची चवड, पिठलं, ठेचा, पाण्याचे पिंप. ‘‘घ्या ना, माउली!’’ म्हणून आग्रह करायचा. पण पंढरपूरपर्यंत आपण चालावं, हे काही कधी जमलं नाही. कधी मुलांच्या शाळा, कधी मामंजींचं आजारपण. तुमच्यापैकी कितीजणींचं असंच झालं असेल!

लेक-जावई कोबे शहरात असतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे होते. एक दिवस ती म्हणाली, ‘‘आई, इतकी वर्षं दारात उभी राहून वारी बघितलीस. चल, इथली वारी एक दिवस चालून बघ.’’

इथली वारी म्हणजे शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची बौद्ध यात्रा. बेटाला वळसा घालणारी ही वाट सुमारे १२०० किलोमीटरची आहे. सगळी पायी करायची तर सहा-सात आठवडे लागतात. आता बरेच लोक मोटारीनं किंवा बसनं करतात, पण पायी चालणारेही आहेत. कूकाई नावाचे मोठे आचार्य याच बेटावर ७७४ साली जन्मले. चीनला जाऊन ते मंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी शिंगोन पंथ स्थापला. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात, नुसतं ‘दाइशी’ म्हटलं तरी कळतं. यात्रेकरूला म्हणायचं ‘हेन्रो’, आणि आदरानं ‘ओहेन्रो-सान’. म्हणजे आपलं ‘माउली’च की!

आम्ही ठरवलं, पहिली सहा देवळं. सोळा-सतरा किलोमीटर. खरं सांगायचं तर मला धास्ती होती. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून पाय टाकताना मन आधी कचरतं. त्या मनगटाचं आणखी थोडं पुढे सांगायचंय.

आदल्या रात्री तोकुशिमा शहरात राहिलो. सकाळी छोट्याशा आगगाडीनं बांदो स्टेशनला उतरलो. वाटेत कमळकाकडीची शेतं लागली. स्टेशनापासून दहा-पंधरा मिनिटांवर पहिलं देऊळ, र्योझेन-जी. आपलं राजगीर आहे ना, तिथल्या ज्या गृध्रकूट डोंगरावर भगवान बुद्धांनी उपदेश केला, त्याचंच जपानी नाव र्योझेन. देवळाच्या पूर्ण नावात ‘जिकुवा’ असा शब्द आहे. त्यातला ‘जिकु’ म्हणजे भारत आणि ‘वा’ म्हणजे जपान. इतक्या लांब येऊन पहिल्याच पायरीवर आपल्या देशाचं नाव! परकेपणा निम्मा तिथंच गेला.

देवळातच यात्रेचं सामान मिळतं. पांढरी बंडी, गवती टोपी, गळ्यातली पट्टी, काठी, शिक्क्यांची वही, नावाच्या चिठ्ठ्या. बंडी घालताना माझा हात अडखळला. कारण लेकीनं अगोदरच सांगून ठेवलं होतं, की हा पांढरा पोशाख म्हणजे कफनच. पूर्वी वाटेत कुणी गेला तर तिथंच पुरायचे आणि त्याची काठी वर खुणेला रोवायचे. आता मी कपाळभर कुंकू लावणारी बाई. असलं वस्त्र अंगावर कसं घालू? लेक म्हणाली, ‘‘अगं, इथं सगळे सारखे दिसावेत म्हणून आहे ते. कुणाचं काय हे विचारायचंच नाही.’’ मग घातली. कुंकू होतं तिथंच राहिलं आणि कुणी त्याकडे वळूनही पाहिलं नाही.

काठी मला फार आवडली. वरच्या टोकाला पाच खाचा आणि त्यावर पाच अक्षरं: अ, व, र, ह, ख. लिपी जुनी ‘सिद्धम्’, पण अक्षरं आपलीच, संस्कृत. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही ती पंचमहाभूतं. काठीवर आणखी लिहिलेलं असतं, ‘दोघं बरोबर चाललो आहोत’. दुसरा कोण? तर दाइशी. काठी म्हणजे तेच. म्हणून पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही. एहिमे भागात एका पुलाखाली दाइशींनी उपाशीपोटी, थंडीत एक रात्र काढली आणि ती एकच रात्र त्यांना दहा रात्रींएवढी वाटली, अशी कथा आहे. न जाणो, आजही खाली निजले असतील तर झोपमोड नको!

दर्शनाची रीत सोपी आहे. वेशीत वाकून नमस्कार. हातावर पाणी, चूळ. घंटा आल्यावर वाजवायची, जाताना नाही. मेणबत्ती एक, उदबत्त्या तीन. मुख्य देवळात एक आणि दाइशींच्या देवळात एक अशी नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची, नाणं टाकायचं आणि प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणायचं. हे सूत्र तिथं चिनी भाषांतरातून म्हणतात. भाषांतर ह्युएनत्संगाच्या नावावर आहे, तोच जो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. एक म्हातारेबुवा खड्या आवाजात म्हणत होते. मला एक अक्षर कळेना. पण शेवटी ‘सोवाका’ आलं आणि मी दचकलेच. अहो, हे तर आपलं ‘स्वाहा’!

चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख आणि मागणं लिहायचं असतं. मी मराठीतच लिहिलं, ‘घरातल्या सगळ्यांना सुखी ठेव.’ नेहमीचंच आपलं.

दुसरं देऊळ जेमतेम दीड किलोमीटरवर. सुखरूप बाळंतपणासाठी बायका तिथं नवस बोलतात, आणि दाइशींनी लावला म्हणून सांगतात तो उंच देवदार तिथं आहे. वाकून, हात लावून पुढे निघालो. वाट वस्तीतून जाते. विजेच्या खांबांवर, भिंतींवर लाल बाण आणि लाल यात्रेकरूचं चित्र असतं, त्यामुळे चुकायची भीती नाही.

आणि तिथंच माझ्या हातून ती चूक झाली.

एका घराच्या फाटकातून कमरेत पार वाकलेली एक आजी लगबगीनं बाहेर आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिनं माझ्यापुढे धरलं. उकडलेली रताळी होती, वाफ येत होती. नारुतोची रताळी सगळ्या जपानात नावाजलेली आहेत. आता आपली सवय तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी काही पुढे केलं की पहिलं तोंडातून निघतं, ‘‘नको, नको!’’ मी दोन्ही हात हलवले, हसले, नमस्कार केला. मनात काय होतं? ही म्हातारी बाई, तिचं कशाला घ्या. आपल्याकडे डबा आहे. उगीच कुणाचं घेऊ नये.

आजीचे हात तसेच राहिले. चेहरा पडला. मग ती कमरेतून आणखी वाकली आणि आत निघून गेली. फाटक लागलं.

लेक मागे पट्टी नीट करत थांबली होती. ती आली आणि म्हणाली, ‘‘आई, काय केलंस हे? ते ओसेत्ताई होतं. ते नाही म्हणायचं नसतं.’’

ओसेत्ताई म्हणजे यात्रेकरूला दिलेलं दान. फळ, चहा, पैसे, कधी रात्रीचा निवारा. यात्रेकरूला दिलं ते दाइशींना पोचलं, अशी भावना. देणारीला घर सोडून बाराशे किलोमीटर चालता येत नाही, तर तिच्या वाटचं कुणीतरी चालावं. ‘‘तिनं तुझ्याबरोबर तिची वारी पाठवली होती. तू ती परत केलीस,’’ लेक म्हणाली. घेतल्यावर आपल्या नावाची चिठ्ठी तिला द्यायची असते. लोक त्या जपून ठेवतात.

मी मागे वळून पाहिलं. फाटकाशी जाऊन उभी राहिले, पण हाक कशी मारू? काय म्हणून मारू? भाषा येत नाही. लेक म्हणाली, ‘‘राहू दे, आणखी अवघडतील त्या.’’ पुढचे अडीच किलोमीटर मी मुकाट्यानं चालले.

मला आमचा ओटा आठवत होता. एका वर्षी माझ्याच वयाची एक वारकरीण आली. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, हौसेनं. तिनं हात जोडले आणि म्हणाली, ‘‘पोट भरलंय, माउली,’’ आणि गेली. तिचं खरंच भरलं असेल. पण मला दिवसभर रुखरुख लागली होती, माझ्या हातचं का बरं घेतलं नसेल? ती रुखरुख मला चांगली माहीत होती. आणि आज मी ती दुसऱ्या एका बाईच्या घरात ठेवून आले होते.

तिसऱ्या देवळात सोन्याची विहीर आहे. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर ९२ वर्षं आयुष्य, नाही दिसलं तर तीन वर्षांत जायचं, असं म्हणतात. लेक म्हणाली, ‘‘बघू नकोस, उगीच.’’ मी बघितलं. दिसलं. पण ते तोंड काही हसरं नव्हतं.

तिथून चौथं देऊळ पाच किलोमीटर आणि वाट चढाची. बांबूचं बन, मधे थडगी, मधे संत्र्यांची झाडं. चढावर लेकीनं मला एक जुनी कथा सांगितली. एमोन साबुरो नावाचा एक धनवान माणूस होता. दारी आलेल्या भिक्षूला त्यानं पुन्हा पुन्हा हाकललं आणि शेवटी त्याचं भिक्षापात्रच फोडलं. मग एकामागून एक त्याची आठ मुलं गेली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते, हे कळल्यावर क्षमा मागायला तो बेटाभोवती वीस फेऱ्या चालला. भेट होईना, म्हणून एकविसावी फेरी उलटी घेतली. बाराव्या देवळाच्या वाटेवर, मरणाच्या दारात असताना दाइशी भेटले. मी म्हटलं, ‘‘ही झाली देणं नाकारणाऱ्याची गोष्ट. माझ्यासारखीची नाही का कुठं?’’ लेक काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘वहिनीला विचार.’’

बायांनो, तेव्हा काठी टेकून मी तिथंच थांबले.

मनगट मोडलं तेव्हा माझी सून रोज सकाळी दारात येऊन विचारायची, ‘‘आई, वेणी घालू का?’’ मी म्हणायची, ‘‘नको गं, तुला ऑफिसची घाई.’’ भाकरी थापू का, नको. साडी नेसवू का, नको, गाऊन आहे. डाव्या हातानं कसेबसे केस रबरात अडकवून हिंडायची आणि वर चारजणींत अभिमानानं सांगायची, की मी सुनेला कशाचाही त्रास दिला नाही. पंधरा दिवसांनी तिनं विचारायचं सोडलं. मला वाटलं, कंटाळली. मनातून थोडी नाराजही झाले तिच्यावर! पण त्या आजीचे पुढे धरलेले हात, आणि सुनेचा दारातला हातातली फणी तशीच राहिलेला हात, दोन्ही एकच होते. तिनं सोडलं नव्हतं. मी फाटक लावून घेतलं होतं.

चौथ्या देवळातून उतरताना शेजारी एक छोटा टेम्पो थांबला. चालकानं काच खाली केली, चहाच्या दोन बाटल्या आमच्या हातात दिल्या. माझ्या तोंडात ‘नको’ अगदी आलं होतं. गिळलं. दोन्ही हातांनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि चिठ्ठी दिली. त्यानं वाचून पाहिली, अर्थात वाचता येईना. लेकीनं ‘इंडिया’ म्हणून सांगितलं. गृहस्थानं चिठ्ठी दर्शनी खिशात ठेवली आणि इतका प्रसन्न हसला, की जणू मीच त्याला काही दिलं होतं.

पाचवं जिझो-जी. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ, लेकरांना आणि वाटसरूंना सांभाळणारा. मागच्या अंगाला पाचशे अर्हतांच्या लाकडी मूर्ती होत्या. १९१५ च्या आगीत पुष्कळशा गेल्या, उरलेल्या अजून पाहायला मिळतात. कुणी रागावलेला, कुणी हसणारा, कुणी कानात काडी घालत असावा तसा. आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा यांत सापडतो म्हणतात. मला मामंजी सापडले, भुवया उंचावून ‘चहा झाला का’ विचारणारे. अंगणात आठशे वर्षांहून जुना सांगतात तो गिंकोचा वृक्ष आहे. पानं पिवळीजर्द झाली होती. त्याखाली बसून आम्ही डबा खाल्ला आणि मी मनगट दाबत बसले. लेक म्हणाली, ‘‘चोळून देऊ?’’ मी हात पुढे केला. तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काही नाही.

तिथंच तिनं मला एका बाईची हकिकत सांगितली. ताकामुरे इत्सुए तिचं नाव. १९१८ साली, चोवीस वर्षांची असताना ही मुलगी शिकोकूची यात्रा पायी करायला निघाली. वाटेत एक म्हातारा गृहस्थ सोबतीला मिळाला. यात्रेची पत्रं तिनं कुमामोतोच्या वर्तमानपत्रात लिहिली, आणि पुढे जपानी स्त्रियांचा इतिहास लिहिणारी म्हणून ती नावारूपाला आली. त्या काळात, एकटी बाई! रोज कुणा ना कुणाच्या हातचं घेतल्याशिवाय तिची वाट सरली नसणार, असं मला वाटलं.

सहाव्या देवळात, आनराकु-जीत पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि अंधार पडत होता. हे देऊळ चारशे वर्षांहून अधिक काळ यात्रेकरूंना उतरवून घेतंय. आत शिरल्यावर पहिलं काम काय, तर काठीचं टोक धुवायचं. आधी काठीचे पाय, मग आपले. गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांचं स्नानघर वेगळं. पण तिथं अंगावर सूतही ठेवायचं नाही बरं का! पहिली पाच मिनिटं जीव मेटाकुटीला आला. मग पाण्यात पाय सोडले आणि लाजबीज सगळं विरघळून गेलं.

त्या आजीची म्हणून एक चिठ्ठी मी दिवसभर वेगळी ठेवली होती. तिच्यावर ‘सुखी ठेव’ लिहिलं नाही. लिहिलं, ‘रताळी पोचली.’ आणि इथल्या पेटीत टाकली.

रात्री घरी फोन केला. फलटणला तेव्हा दुपार सरत होती. सूनबाईनं उचलला. मी म्हटलं, ‘‘अगं, मी परत आले ना, की माझ्या डोक्याला तेल लावून वेणी घालून देशील का?’’

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग घाबऱ्या आवाजात, ‘‘आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? ताईंना द्या बरं फोन!’’

आम्ही दोघी मायलेकी इतक्या हसलो, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी खाकरलं.

आता कुणाला जावंसं वाटलं तर चार गोष्टी सांगून ठेवते. यात्रेला वसंत किंवा शरद ऋतू बरा. बूट नवे घालून जाऊ नका, आधी महिनाभर घरच्या फेऱ्यांत वापरा आणि मोजे दोन जोड जवळ ठेवा. शिक्क्यांची कचेरी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असते. एका शिक्क्याला ५०० येन पडतात, त्या वेळी ते पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होते. एप्रिल २०२४ पूर्वी ३०० येन असत. सुटी नाणी भरपूर बाळगा. शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आगाऊ सांगा, कारण तिथं साध्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. शिवाय आत उमेबोशी नावाचं आंबट-खारट फळ घातलेले भाताचे गोळे दुकानात मिळतात, त्यांची चव थेट आपल्या लोणच्याची. शौचालयात जाताना गळ्यातली पट्टी काढून ठेवायची. तुम्ही कोणत्या धर्माच्या, हे कुणी विचारत नाही. पहिली दहा देवळं सोपी, अकराव्यापुढे मात्र डोंगर आहे. तिथं गुडघ्यांचा अंदाज घेऊनच जा.

आणि जपानला जायलाच हवं असं थोडंच आहे? आपण बायका आयुष्यभर देत असतो, आणि देता देता आपल्याला वाटायला लागतं की घेणं म्हणजे कमीपणा. मग घरातली दुसरी बाई, सून असो, सासू असो, जाऊ असो, काही पुढे करते आणि आपण म्हणतो ‘नको’. तिचे हात तसेच राहतात.

परवा रविवारी माझी वेणी घालता घालता सून म्हणाली, ‘‘आई, केस अजून किती लांब आहेत हो तुमचे.’’ वेणी जरा सैल झाली होती. मी सांगितलं नाही.

तुमच्या घरी आज कुणी काही पुढे केलं, तर एकदा घेऊन बघा.